सुई काढून घेण्यापूर्वी

फाल्गुन सरत येतो, उन्हे तापू लागतात आणि आमच्या कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावात काही घरांतून जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे गठ्ठे बाहेर निघतात. ते धुवायचे, कडकडीत वाळवायचे, थरांवर थर लावायचे आणि पावसाळ्यापूर्वी गोधडी हातावेगळी करायची, असा हा जुना परिपाठ आहे. आमच्याकडे तिला वाकळ म्हणतात. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांकडे कवंद अशी तिची भावंडे देशभर आहेत. वापरून मऊ झालेले कापड टाकून न देता त्यातून ऊब निर्माण करणे, हे या सर्वांचे सूत्र.

याच दिवसांत माझ्या दवाखान्यात पाठ धरलेल्या, गुडघे सुजलेल्या, अंगठा ठणकणाऱ्या आजी येतात. सोबत आलेला मुलगा किंवा सून बहुधा एकच विनंती करते : ‘‘डॉक्टर, आता तुम्हीच सांगा हिला. या वयात हे उद्योग बंद कर म्हणावं.’’ अनेक वर्षे मी ते निमूटपणे सांगत आलो. रुग्ण म्हातारा, दुखणे स्पष्ट, कारणही स्पष्ट. तेव्हा कारण बंद केले की दुखणे बंद, असा माझा सरळ हिशेब होता. तो हिशेब अपुरा आहे हे मला पुस्तकाने शिकवले नाही. ते माझ्या घरात शिकावे लागले.

कपाटावर ठेवलेला डबा

वडील गेले त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी आईने त्यांची ट्रंक उघडली. तेव्हा ती शहात्तर वर्षांची होती. ट्रंकेत वडिलांची पाच-सहा धोतरे होती. ती कुणा गरजूला द्यावीत, असे मी सुचवले. ती म्हणाली, ‘‘ह्यांची धोतरं कुठं जायची नाहीत. मी वाकळ शिवणार आहे. मोठी. पलंगभर.’’

दुसऱ्या दिवसापासून माजघरात जमिनीवर पसारा मांडला गेला. एक पाय लांब सोडून, दुसरा दुमडून, कमरेतून वाकून आई टाके घालू लागली. तिचे दोन्ही गुडघे झिजलेले होते आणि मधुमेह अठरा वर्षांचा. आठ दिवसांनी संध्याकाळी तिचे पाय पुसताना माझ्या पत्नीला डाव्या तळव्याला एक काळा ठिपका दिसला. सुईचे मोडके टोक आत रुतलेले होते. मधुमेहाने तळव्याची संवेदना कमी झाल्याने आईला ते कळलेच नव्हते. टोक निघाले, जखम भरली. पण मी घाबरलो होतो. मी सुई-दोऱ्याचा डबा उचलून कपाटावर ठेवला, अर्धी कापडे पुन्हा ट्रंकेत टाकली आणि मुलगा म्हणून नव्हे, डॉक्टर म्हणून आज्ञा केली : ‘‘आई, आता हे बंद.’’

तिने वाद घातला नाही. खरे तर तिथेच मला शंका यायला हवी होती. पुढच्या तीन महिन्यांत ती दूरचित्रवाणीसमोर बसून राहू लागली. भूक कमी झाली. पहाटे तीनला जाग येऊ लागली. ‘किती वाजले?’ हा प्रश्न ती दिवसातून दहा वेळा विचारू लागली. मी हिमोग्लोबिन तपासले, थायरॉईड तपासले, बी-१२ जीवनसत्त्व तपासले. अहवाल ठीक होते. एका रात्री ते अहवाल चाळत बसलो असता पत्नी म्हणाली, ‘‘अहो, त्यांच्या पायातली सुई काढलीत ते बरं केलंत. पण हातातली कशाला काढलीत?’’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी आईच्या दिवसातून काम काढले होते आणि त्या जागी काहीच ठेवले नव्हते. वडिलांच्या धोतरांशी रोज दोन तास चाललेला तिचा अबोल संवाद मी एका वाक्यात थांबवला होता.

एक गोष्ट येथेच स्पष्ट करतो. गोधडी शिवल्याने साखर उतरत नाही, झिजलेला गुडघा भरून येत नाही आणि विस्मरणाचा आजार थांबत नाही. तसे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, जेवण-झोप बिघडणे, ‘आता जगून काय करायचे’ असे उद्गार निघणे, ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. त्यावर उपचार आहेत आणि ते घ्यायलाच हवेत. सुई-दोरा हा त्यांना पर्याय नव्हे. मात्र हाताला ओळखीचे काम, दिवसाला आकार आणि ‘हे माझ्यामुळे झाले’ असे म्हणता येईल अशी एखादी वस्तू, यांची गरज वयाबरोबर संपत नाही. ते काम धोक्याचे वाटले, तर आधी ते सुरक्षित करता येते का हे पाहावे. बंद करण्याचा विचार त्यानंतरचा.

पलंगभर गोधडी, मांडीएवढे काम

मोठ्या गोधडीचा खरा त्रास तिच्या आकारात आहे. जमिनीवर पसरल्याशिवाय ती शिवता येत नाही. मध्यभागी पोहोचण्यासाठी तिच्यावरच बसावे लागते. जसजशी ती शिवून होते तसतसे तिचे वजन ओढत सरकावे लागते. गुडघा, कंबर आणि मान ही तिन्ही ठिकाणे यात एकदम भरडली जातात. पायाखाली सुई येण्याचा धोकाही याच बैठकीत अधिक.

यावर आम्ही काढलेला मार्ग साधा होता. गोधडी अखंड न शिवता सहा तुकड्यांत शिवायची आणि शेवटी जोडायची. हिशेब असा. नेहमीची गोल साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे २१६ इंच लांब आणि ४५ इंच रुंद असते. तिचे लांबीत सहा सारखे भाग केले, की प्रत्येक भाग ३६ इंच बाय ४५ इंचांचा होतो. अशा पाच साड्या घेतल्या तर पाच थरांचे सहा तुकडे तयार होतात : वरचा थर एक, खालचा एक आणि मधले तीन. मधल्या थरांसाठी धोतर किंवा जुनी सुती चादरही त्याच मापात कापून चालते. दोन तुकडे रुंदीत आणि तीन लांबीत जोडले की सुमारे ९० इंच बाय १०८ इंचांची गोधडी होते. शिवणीत आणि टाक्यांच्या ओढीत त्यातले चार-सहा इंच जातात. सहा फूट रुंदीच्या पलंगाला दोन्ही बाजूंनी वीतभर उतरेल आणि पायाशी गादीखाली दुमडता येईल, इतकी ती पुरते.

सुती साडी सुमारे अर्धा किलो वजनाची धरली तर पूर्ण गोधडी अडीच किलोच्या आसपास भरते. परंतु शिवताना मांडीवर असतो तो जेमतेम चारशे ग्रॅमचा एक तुकडा. हाच या रीतीचा वैद्यकीय लाभ.

आईला ही कल्पना मुळीच आवडली नाही. ‘‘तुकड्यांची वाकळ म्हणजे ठिगळांचं सोंग,’’ असे ती म्हणाली. मी म्हटले, ‘‘एक तुकडा कर. नाही आवडला तर त्याचं बसकर करू.’’ या तडजोडीवर कपाटावरचा डबा खाली आला.

शिवण्याची रीत

कापड आधी धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून घ्यावे, म्हणजे नंतर आटून सुरकुत्या पडत नाहीत. प्रत्येक थर उजेडासमोर धरून पाहावा. विरलेला भाग मधल्या थरात टाकावा आणि मजबूत कापड वर-खाली ठेवावे. पाचही थर टेबलावर पसरून, हाताने सपाट करून, मोठे कच्चे टाके घालून एकमेकांना धरून ठेवावेत. हे काम दोघांनी करावे. थर सरळ बसवताना वाकावे लागते, तेव्हा तो भाग घरातल्या तरुण माणसाने घ्यावा.

त्यानंतर धावदोरा. दोन बोटांच्या, म्हणजे सुमारे दीड इंचाच्या अंतराने रेघा घातल्या तर ३६ इंचांत २४ रेघा बसतात. रोज चार रेघा घातल्या तर एक तुकडा सहा दिवसांत आणि सहा तुकडे छत्तीस दिवसांत होतात. ‘रोज चार रेघा’ ही मात्रा मी औषधासारखी ठरवून दिली होती आणि औषधासारखीच ती जास्त घेऊ नये, असेही बजावले होते. उत्साहाच्या भरात एका दिवसात बारा रेघा घालणाऱ्या आजी पुढचे आठ दिवस मनगट धरून बसतात, हा माझा अनुभव आहे.

सहा तुकडे झाल्यावर त्यांच्या कडा एकमेकींवर चढवू नयेत. शेजारी शेजारी टेकवून, वरून आणि खालून तीन इंची सुती पट्टी लावून शिवाव्यात. कडा एकमेकींवर आल्या की तेथे जाड वरंबा तयार होतो आणि तो झोपलेल्या माणसाच्या पाठीला रुततो. हे जोडकाम आणि भोवतीची गोट घरी जड जात असेल तर शिंप्याकडून मशीनवर करून घ्यावे. त्यात कमीपणा मानू नये.

बैठक, उजेड आणि विश्रांती

शिवताना पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर बसावे. दोन्ही तळपाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले असावेत. समोर टेबल असावे आणि तुकड्याचा भार त्यावर राहावा, हातावर नव्हे. टेबलाची उंची कोपराइतकी असली की खांदे वर चढत नाहीत. मान खाली घालून कापडाकडे जाण्याऐवजी मांडीवर उशी घेऊन कापड डोळ्यांच्या जवळ आणावे. गुडघ्याचा सांधा बदललेला असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याखेरीज जमिनीवर बसून शिवू नये.

उजव्या हाताने शिवणाऱ्याने प्रकाश डाव्या बाजूने येईल असे बसावे, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ उत्तम. दर वीस मिनिटांनी नजर उचलून वीस सेकंद दूरच्या झाडाकडे किंवा छपराकडे पाहावे. अर्ध्या तासाने उठून घरातल्या घरात एक फेरी मारावी, घोट्यांची हालचाल करावी, पाणी प्यावे. एकाच जागी तासन्‌तास बसल्याने अनेकांच्या पायांवर सूज येते. हालचालीने ती टळते.

हातांसाठी आणखी दोन गोष्टी. पाच थरांतून सुई ओढताना अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर मोठा ताण येतो आणि उतारवयात झिजणाऱ्या सांध्यांपैकी तो एक आहे. सुई धरण्यासाठी रबराचा लहान तुकडा वापरला तर कमी जोरात ती निघते. ढकलण्यासाठी मधल्या बोटाला अंगुस्तान घालावे. एकाच वेळी सात-आठ टाके सुईवर घेण्याची जुनी सवय असते. ती सोडून दोन-तीनच घ्यावेत. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, हातातून वस्तू निसटत असेल, तर मनगटात शीर दबत असण्याची शक्यता असते. अशा वेळी शिवण थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

सुयांचा हिशेब

आमच्या घरातला सर्वांत कडक नियम हा. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी माझी मुलगी आठ सुया ओवून टाचणीच्या उशीला लावून ठेवी. प्रत्येकीत सुमारे तीस इंच दोरा. चार रेघांना तेवढा पुरतो आणि दोरा लांब नसल्याने प्रत्येक टाक्याला हात खांद्यापर्यंत न्यावा लागत नाही. सुई ओवण्याची खटपटही वाचते. संध्याकाळी आठच्या आठ सुया उशीला परत लागलेल्या असल्या पाहिजेत. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत कुणी अनवाणी फिरायचे नाही. शोधायला लोहचुंबक ठेवला होता.

सुई तोंडात धरू नये, पदराला किंवा उशीच्या अभ्र्याला टोचून ठेवू नये आणि पलंगावर बसून शिवू नये. मधुमेही व्यक्तीने शिवताना आणि नंतरही घरात चपला घालाव्यात व रोज रात्री तळवे स्वतः किंवा कुणाकडून तरी तपासून घ्यावेत. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवावी. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर स्वच्छ कापडाने काही मिनिटे दाबून धरावे. टोक आत राहिल्याची शंका असेल तर घरी कोरू नये. एक्स-रे काढून घ्यावा. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यायची असते. आपली शेवटची केव्हा झाली, हे बहुतेक ज्येष्ठांना सांगता येत नाही. हे या निमित्ताने डॉक्टरांना विचारून घ्यावे.

ज्याच्यासाठी शिवायची, त्याच्या गरजेप्रमाणे

घरी शिवलेल्या गोधडीचा मोठा गुण म्हणजे ती माणूस पाहून शिवता येते.

कापड सुती असावे. नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या दिसायला झळझळीत असल्या तरी घाम शोषत नाहीत, आणि ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतात. बिछान्यात विडी ओढणाऱ्या किंवा पायाशी शेगडी घेऊन झोपणाऱ्या वृद्धांच्या घरी हा धोका खरा आहे. त्या दोन्ही सवयी तर मोडायलाच हव्यात. चालताना तोल जाणाऱ्या व्यक्तीची गोधडी पलंगावरून जमिनीपर्यंत लोंबेल इतकी मोठी नसावी. रात्री लघवीला उठताना तिच्यात पाय अडकून पडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या अंगाखाली जाड शिवणी, गाठी, बटणे असलेली गोधडी घालू नये. ज्या ठिकाणी कातडी सतत दाबली जाते तेथेच जखमा होतात. कितीही मऊ गोधडी घातली तरी दर दोन तासांनी कूस बदलण्याचे काम टळत नाही. हवेची गादी लावली असेल तर तिच्यावर जाड गोधडी अंथरल्याने गादीचा उपयोगच कमी होतो. अशा रुग्णाला पांघरण्यासाठी तीन थरांची हलकी गोधडी करावी आणि पायांकडे ती सैल सोडावी. घट्ट खोचलेल्या जड पांघरुणाने पावले खाली दाबली जातात. लघवीवर ताबा नसलेल्यांसाठी एक मोठी करण्याऐवजी दोन-तीन लहान गोधड्या कराव्यात. बदलणे आणि धुणे, दोन्ही सोपे होते.

विस्मरणाच्या आजारात काही जणांचे हात सतत काहीतरी चाळवत राहतात : चादर ओढणे, बटणे सोडणे, पदर चुरगाळणे. त्यांच्यासाठी मांडीवर मावेल एवढी लहान गोधडी करून तिच्यावर एखादा खिसा, एक चेन, नाडी, खणाचा तुकडा, जुन्या साडीचा काठ लावून द्यावा. हातांना चाळा मिळतो आणि ओळखीच्या स्पर्शाने काहींचे मन शांत होते. मात्र सुटून तोंडात जाईल अशी वस्तू तीवर लावू नये. अशा व्यक्तीला शिवायला सुई देण्याऐवजी कापडाचे तुकडे रंगांप्रमाणे लावणे, घड्या घालणे अशी कामे द्यावीत. कोणती साडी कोणत्या लग्नातली, हे बोलणे त्यातूनच निघते. ते ऐकायला कुणीतरी शेजारी बसावे.

नातवंडांची दुपटी हा आज्यांचा खास विषय. वर्षाच्या आतील बाळाच्या अंगावर झोपताना जाड, सैल गोधडी घालू नये. ती तोंडावर येऊ शकते. आणखी एक काळजी फार थोड्यांना ठाऊक असते. डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली दुपटी थेट बाळाला गुंडाळू नयेत. काही बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशींत जी-६-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते. डांबरगोळीच्या वासाने-स्पर्शाने त्यांच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. साठवणीसाठी वाळवलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड हा जुना उपायच वापरावा आणि ट्रंकेतून काढलेले कापड धुऊन वाळवूनच घ्यावे.

धुण्याचे ओझे

संत गाडगेबाबांना लोक ‘गोधडेबुवा’ म्हणत, कारण त्यांचे वस्त्रच चिंध्या जोडून केलेले असे. आणि हातात मात्र सदैव खराटा. अंगावर चिंध्या आणि हातात स्वच्छता, ही जोड गोधडीच्या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. जुन्या कापडाच्या थरांत धूळ आणि तिच्यातले सूक्ष्म किडे साठतात. दमा किंवा सतत शिंका येणाऱ्यांना त्यांचा त्रास होतो. जुने गठ्ठे उघडताना आणि झटकताना दमेकऱ्यांनी दूर राहावे किंवा नाक-तोंड कापडाने झाकावे. शक्य असेल तेथे यंत्रात साठ अंश उष्णतेच्या पाण्याने धुतल्यास हे किडे मरतात. त्यानंतर दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्यावे.

मात्र अडीच किलोची गोधडी पाण्यात भिजली की दुपटी-तिपटीने जड होते. ओल्या न्हाणीघरात वाकून ती उचलताना कंबरेत उसण भरते किंवा पाय घसरून खुब्याचे हाड मोडते. शिवणे हे आजींचे काम असले तरी धुणे हे घरातल्या धडधाकट माणसांचे काम आहे, हे वाटप आधीच ठरवावे.

टाके काय सांगतात

आईने पहिला तुकडा श्रावणात पुरा केला. त्याचे बसकर झाले नाही. दुसरा आपोआप सुरू झाला. झोप लगेच सुधारली असे म्हणणार नाही, पण ‘किती वाजले?’ हा प्रश्न मात्र ‘चौथी रेघ झाली का?’ मध्ये बदलला. मधल्या थरात वडिलांचे धोतर घालताना ती कधी रडे, कधी त्यांच्या बाजारहाटाच्या गोष्टी सांगे. इतक्या महिन्यांत ती आमच्यापाशी त्यांच्याविषयी प्रथमच बोलत होती.

चौथ्या तुकड्याच्या वेळी एका रविवारी मी तिचे शिवण सहज हातात घेतले. पहिल्या तीन तुकड्यांतल्या रेघा पट्टीने ओढल्यासारख्या होत्या. या तुकड्यात त्या उजवीकडे उतरत होत्या, टाके लांब झाले होते, काही ठिकाणी दोन रेघा एकमेकींत मिसळल्या होत्या. ‘‘दोरा वाईट आहे, पांढऱ्यावर पांढरा दिसत नाही,’’ असे आई म्हणाली. दोरा तोच होता. नेत्रतज्ज्ञांनी पाहिले तेव्हा उजव्या डोळ्यात मोतीबिंदू बराच पुढे गेलेला निघाला. दूरचित्रवाणी पाहताना तिने कधी तक्रार केली नव्हती. कदाचित पडद्यावर काय चालले आहे याच्याशी तिला कर्तव्यच नव्हते. शस्त्रक्रिया झाली. डोळ्याच्या डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत महिनाभर सुई बंद राहिली. पण या वेळी डबा कपाटावर गेला नाही. तो तिच्या उशाशीच होता आणि बंदीची मुदत तिला ठाऊक होती. सहाव्या तुकड्यातल्या रेघा पुन्हा सरळ आल्या.

म्हणून ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना माझे सांगणे आहे : त्यांचे हातकाम अधूनमधून पाहत जा. टाके हळूहळू वाकडे होऊ लागले तर डोळे तपासून घ्या. हात कापत असल्याने टाके लहान-मोठे पडत असतील, सुई धरणे जमेनासे झाले असेल, नेहमीची रीतच आठवत नसेल, तर तपासणीला उशीर करू नका. आणि एखाद्या क्षणी एकाएकी एका हातातून सुई गळली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठा. हीच नजर स्वयंपाकाकडे, रांगोळीकडे, वातीच्या वळणाकडे, वहीतल्या हिशेबाकडेही ठेवता येते. काम काढून घेतले की ही खिडकीही बंद होते.

मार्गशीर्षात थंडी पडली तेव्हा सहा तुकडे जोडून आले. आईने गोधडी पलंगावर पसरली, चारी कोपरे ओढून पाहिले आणि चौथ्या तुकड्यावर हात फिरवत म्हणाली, ‘‘हा उसवून परत घालते.’’ मी तो तसाच ठेवायला सांगितला. तिला ते पटले नाही, पण तिने ऐकले.

यंदा आई एकोणऐंशी वर्षांची आहे. सध्या पुतणीच्या बाळासाठी तीन थरांचे दुपटे चालू आहे, रोज दोन रेघा. दर पंधरा दिवसांनी मी तिचा रक्तदाब पाहतो, तळवे पाहतो आणि मग हात पुढे करून म्हणतो, ‘‘आई, शिवण दाखव.’’